मास्टरांनी आखलेला वाफा

—नाही, नाही, ते दार लावू नका, उघडंच असू द्या, म्हणजे फाटक वाजलं की मला ऐकू येईल. मास्टर बेकरीत गेलेत, तुमच्यासाठी केक आणायला—मीच पिटाळलं त्यांना. परीक्षक बाई यायच्यात आणि घरात धड बिस्कीट नाही, एवढं म्हटलं की झालं, चपला घालून निघाले. तेवढ्यात आपलं बोलणं होईल. कारण, ताई, आधीच सांगून ठेवते—फोटो काढा, टेप लावा, पानं उलटीपालटी करून कीड शोधा, तुमचा स्पर्धेचा काय तो सोपस्कार करा, पण मास्टर आले की त्यांच्यासमोर एक गोष्ट विचारायची नाही. ही रोपं कुठून आणली, हे विचारायचं नाही. बास. एवढं एक पाळा. ...हो, हो, माहीत आहे मला तुमचा नियम, रोप घरच्या बियांचं आणि घरच्याच मातीत वाढलेलं हवं. म्हणून तर म्हणतेय. या, इकडून या, पायरी ओली आहे, जपून.

हा बघा. आहे ना? आधी मन भरून बघून घ्या, मग बोलू. पाकिटावर ‘फर्गेट-मी-नॉट’ असं लांबलचक नाव असतं, मी आपली नुसती ‘निळी’ म्हणते. फूल केवढंसं, करंगळीच्या नखाएवढंसुद्धा नाही—पण असा अख्खा वाफा फुलला की... आता काय सांगू, तुम्ही बघताच आहात. मधे तो पिवळा ठिपका दिसतोय? मधमाशी येऊन गेली की तो पांढरा पडतो. म्हणजे दुसरीनं उगाच हेलपाटा घालायला नको. एवढी सोय आमच्या दवाखान्यात नव्हती हो, डॉक्टर सुट्टीवर असले तरी लोक तासभर ताटकळून जायचे. आणि हे टप टप वाजतंय ना, तो आमचा नळ. गळतो. समोरच्या घरात प्लंबर राहतो आणि आमचा नळ वर्षानुवर्षं गळतो, सगळे हसतात. तो बिचारा पाना घेऊन कितीदा आला, मी हाकलून दिलं. निळीला माती कायम ओलसर लागते, डबकं नको पण ओल हवी, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. ही मागची भिंत आणि हा गळका नळ, यांच्या जिवावर माझी बाग. माझं कर्तृत्व शून्य.

मी फार बोलते का? बोलतेच. जन्म गेला दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली. खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं, त्यात कापूस, त्यात आरसा, तो काय बोलणार? डॉक्टर तर मुलखाचे घुमे. मग बोलायचं कोणी? मी. मीच विचारायचं, ‘काय हो, यंदा थंडी जरा जास्तच नाही?’ आणि मीच म्हणायचं, ‘जास्तच आहे मेली.’ सवय लागली ती लागली. पण त्या दवाखान्याचा एक फायदा झाला. निळी फुलून गेली ना, की झाड अगदी कळकट दिसतं, पानांवर भुरी धरते, लोक वैतागून उपटून फेकतात. मीही उपटते, पण फेकत नाही—उलटं धरायचं आणि पुढच्या वर्षी जिथं हवी तिथं झटकायचं, चादर झटकतो तसं. बी काळंकुळकुळीत, मोहरीहून बारीक. वरून नखभर माती, त्याला उजेड लागता कामा नये. उरलेलं बी मी दवाखान्यात न्यायची, गोळ्यांच्या कागदी पुड्या असायच्या त्यात भरायची, आणि ज्याची दाढ काढली त्याला जाताना एक पुडी. गाल सुजलेला, जीभ बधीर—नको म्हणायची सोयच नाही! घ्यायचीच. म्हणून सांगते, या भागात ज्याच्या दारात निळी दिसेल, त्याची एक तरी दाढ आमच्या डॉक्टरांनी उपटलीय असं बेलाशक समजा.

फाटक वाजलं का? नाही, वारा असेल. बरं, मुद्द्यावर येते. निळीची एक खोड आहे—पेरली की त्या वर्षी फुलत नाही. नुसता पाला. जमिनीला चिकटून बसलेली लवदार पानं, उंदराच्या कानाएवढी, सबंध थंडीभर तशीच. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटणार, तण माजलंय. आणि ज्याला ठाऊक नाही असा एक माणूस माझ्याच घरात होता. फुलं वर्षानुवर्षं बघितली हो त्यांनी, पण ती येतात कुठून हे कशाला बघतील?

मास्टर म्हणजे आमचे हे. गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते, म्हणून जगाचे मास्टर. पोलिसांचे, नर्सबायांचे, शाळेतल्या पोरांचे—थप्पीच्या थप्पी कापड एका वेळी कापायचं आणि एक सूत इकडचं तिकडे व्हायचं नाही. मग निवृत्त झाले. भाषणं झाली, भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, ते घरी आणून लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. ते बसले ते बसलेच! रोज सकाळी सवयीनं गळ्यात टेप अडकवायचे आणि बसायचे. माप घ्यायला कोणी नाही, काही नाही. बोलणं तर बंदच. ‘जेवायला वाढू का?’ ‘हूं.’ ‘मीठ कमी पडलंय का?’ ‘हूं.’ ‘अहो, छपराला आग लागलीय.’ ‘हूं.’ दवाखान्यातल्या माणसाच्या तोंडात कापूस असायचा म्हणून तो बोलायचा नाही. यांच्या तोंडात काय होतं? मी आपली भिंतीशी बोलावं तशी बोलतेय, बोलतेय... जाऊ द्या. थंडीच्या तोंडावर लेकीचं बाळंतपण आलं, मी तिकडे गेले. आई बाळंतपणाला जाणारच, त्यात काय.

तर मी गेले आणि मास्टरांच्या मनानं घेतलं, घर जरा नीटनेटकं करावं. का घेतलं, कसं घेतलं, देव जाणे. माळा साफ केला, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, प्लंबरला बोलावून नळ दुरुस्त करून घेतला—माझा नळ! मग मोर्चा वळला वाफ्याकडे. सगळी निळी, ताई, मुळासकट. तण म्हणून. एक पान शिल्लक ठेवलं नाही, मातीला इस्त्री केल्यासारखी सपाट. कचऱ्याची गाडी आली आणि घेऊनही गेली. मग प्लंबरची बायको कशाला तरी मागच्या अंगाला आली, तिनं बघितलं आणि किंचाळलीच, ‘मास्टर, अहो, निळी कुठंय?’ तर हे म्हणतात, ‘निळी? ती अजून फुललीच कुठे?’ तिनं समजावून सांगितलं. आणि म्हणे, मटकन खाली बसले. इथंच, या पायरीवर. ती सांगते, मला वाटलं यांना काही झालंच.

आणि दुसऱ्या दिवसापासून हा माणूस—दूधवाल्याशी बोलायचं तरी मला पुढे करणारा माणूस—हातात बादली, गळ्यात टेप, दारोदार! बेल वाजवायची आणि विचारायचं, ‘नमस्कार, आपली कधी दाढ काढली होती का?’ हसू नका हो! म्हणजे हसा, मीही हसले होते. लोकांना आधी वाटलं, दातांची पावडर विकायला आलाय. मग एकेकाला उलगडा होत गेला. ‘अच्छा, दवाखान्यातल्या बाईंचे मिस्टर! या, या.’ ज्याच्या दारात सापडेल त्याच्याकडून एक रोप, मातीच्या गोळ्यासकट, अलगद. आणि फुकट नाही हं, मानी माणूस—तुमचा परकर उसवलाय, द्या, शिवून आणतो. पडदा आखूड होतोय, द्या, पट्टी जोडतो. कोपऱ्यावरचा निवृत्त ट्रॅफिक पोलीस तर महाखट, म्हणाला, ‘आधी माझ्या पँटची कंबर सैल करा, मग रोप.’ मास्टरांनी बघितलं तर ती पँट यांनीच कधीतरी कापलेली! तिथंच गट्टी जमली. आणि नळ? प्लंबरला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, पूर्वीसारखा गळका करून द्या. तो अजून सांगतो, सबंध धंद्यात असं काम पहिल्यांदाच केलं.

मी परत आले, टॅक्सीतून उतरले, बॅग टाकली आणि आधी मागे आले. बघते तर पलटण! तुम्ही आल्या आल्या बघितलं असेलच, तुम्ही काय, रोजच्या बघणाऱ्या—ही रांग बघा, ही बघा, वीतभर अंतर, काटकोनात कोपरे. अहो, निळी आपली आपण उगवते, फरशीच्या फटीत, कुंडीच्या आडोशाला, नळाच्या खाली. ती कधी अशी ओळीत उभी राहील? शर्टाला बटणं लावावीत तशी लावलीत. भिंतीच्या कडेला टेलरच्या खडूची रेघसुद्धा होती, पुसायची राहिलेली. मी वळले तर मास्टर माझ्या मागे, एवढ्या थंडीत कपाळावर घाम. म्हणाले, ‘बघ. जशीच्या तशी आहे की नाही?’ कितीतरी महिन्यांत ‘हूं’ सोडून पहिलं वाक्य. मी काय म्हणणार? म्हटलं, ‘जशीच्या तशी.’

मग हे बघा, हे तिसऱ्या रांगेतलं, हे गुलाबी. कळी गुलाबीच असते सगळ्यांची, उमलता उमलता निळी होते. पण हे आलंय पार्लरवालीकडून, तिनं पाकीट आणून लावलेलं, ही जातच गुलाबी, ही काय जन्मात निळी व्हायची नाही. तिची दाढ आम्ही काढलीच नव्हती मुळी! तर मास्टर रोज सकाळी या झाडासमोर उकिडवे बसतात. ‘ही अजून निळी होत नाही गं.’ मी म्हणते, ‘होईल हो, काहींना उशीर लागतो.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी तोंडात पदर कोंबून आत पळते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, सांगून टाका की, हसून मोकळे व्हा दोघं. तेच नको आहे ना! अहो, पुढच्या खोलीत मशीन मांडलंय त्यांनी. घड्याळासमोरची खुर्ची आता गिऱ्हाइकाला बसायला. ट्रॅफिक पोलीस येतो, प्लंबर येतो, पार्लरवाली ब्लाउजची बाही घेऊन येते, गप्पा काय, चहा काय—मला बोलायला सवड मिळत नाही! परवा जेवताना म्हणाले, ‘अगं, माझं ऐक तरी पूर्ण.’ मला! हे सगळं त्या बादलीतून आलंय, ताई. आणि त्यांना वाटतं, तिला काही कळलेलं नाही, आपण सगळं निभावून नेलं. त्या ऐटीत आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं कळलं ना, तर मान खाली घालतील आणि पुन्हा जाऊन बसतील त्या खुर्चीत. मग मी परत बॅग भरायची का? नाव त्यांनीच घातलं तुमच्या स्पर्धेत, माझं, मला न विचारता. ‘तुझी बाग आहे, तुला नंबर मिळायलाच हवा.’ म्हणून हात जोडून सांगते, नंबर देऊ नका, नियम तो नियम, खोटा नंबर मला पचायचा नाही. पण कारण दुसरं सांगा. गोगलगायी फार आहेत म्हणा. नळ गळतो म्हणा. रांगा फार सरळ आहेत—नाही, नाही, ते नको, ते अजिबात म्हणू नका.

काय? ...‘परत’ म्हणाले का मी? ‘परत बॅग भरायची’? शब्द बरा पकडता हो तुम्ही, आपण एक अक्षर न बोलता. परत म्हणजे... बाळंतपणाला गेले होते ना, ती एकदा भरली, म्हणून परत. ...अशा बघू नका. डॉक्टर असेच बघायचे, भिंगातून.

बरं, ऐका. यायचं नव्हतं मला. बाळंतपण हे निमित्त. लेकीला मी जाताच सांगून टाकलं होतं, मी आता इथंच राहणार, नातीला सांभाळीन, कोपऱ्यात पडून राहीन, पण त्या घड्याळाच्या टिकटिकीत मी परत जायची नाही. भांडण नाही, तंटा नाही, मारहाण नाही—सांगायला काही कारणच नाही, हेच तर दुखणं. घरात माणूस असून एकटी होते मी. फार एकटी होते. मग प्लंबरच्या बायकोचा फोन आला. ती आपली हसत हसत सांगतेय, दाढेचं, बादलीचं, नळाचं. म्हणाली, ‘बोटं काळीनिळी पडलीत हो त्यांची गार मातीत. मी म्हटलं, राहू द्या, उन्हाळ्यात नवीन पेरा. तर म्हणतात, नाही, ती येईपर्यंत लागायला हवीत.’ ती येईपर्यंत! मी फोन ठेवला आणि लेकीला म्हटलं, गाडी कधीची आहे बघ.

आणि त्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही, बरं का. ठाऊक होणार कसं? बॅग त्यांच्यासमोर उघडी पडली होती दोन दिवस, त्या खुर्चीच्या पायाशी. थंडीचे दिवस, आणि मी त्यात सगळे सुती कपडे भरलेले, उन्हाळ्याचे, एक ठेवला नाही मागे. दुसऱ्या कोणी विचारलं असतं, काय गं, एवढे महिने? हे ‘हूं’सुद्धा म्हणाले नाहीत. मी डोक्यावर टोपलं घेऊन नाचले असते तरी यांनी वर बघितलं नसतं. त्यात माझा तो पिवळा सुती गाऊन. त्याचं वरचं बटण कधीचं गेलेलं—घरात कटिंग मास्टर आणि बायको पीन लावून फिरतेय! सांगून सांगून जीभ झिजली माझी. तो तर मी मुद्दाम घेतला, लेकीच्या नाकासमोर धरायला, बघ तुझा बाप. आणि तिकडे घडी उलगडते तर काय, बटण लावलेलं! ते पण कसं, रंगाला रंग, मुळाशी दोऱ्याचे वेढे, ओढलं तरी तुटायचं नाही असं. झालं, माझा पुरावाच गेला. लेकीला म्हटलं, कशाला गं या अवस्थेत सुई हातात घेतलीस, तर म्हणते, मी कुठे घेतली. तिला काय आठवणार, पोर उशाशी टाहो फोडतेय...

काय म्हणालात?

...नाही. लेकीला बटण लावता येत नाही. कधीच आलं नाही. शाळेतसुद्धा तिची हेच लावून द्यायचे... मास्टर लावून द्यायचे. आणि घडी मी स्वतः बॅगेतून काढली होती. तीच उलगडली. मधे कोणाचा हात...

थांबा जरा.

म्हणजे इथंच. बॅग इथं असताना. मी दुकानात गेले असेन, नाहीतर शेजारी... आणि यांनी बघितले. सुती कपडे बघितले सगळे. कापड म्हटल्यावर या माणसाला काय सांगायला लागतं हो? कळलं त्यांना. बायको चाललीय, आता येत नाही, हे कळलं—आणि सुई काढली, आणि बटण लावलं. पुन्हा तशीच घडी घातली. विचारलं नाही, अडवलं नाही. आणि मी त्याच गाऊनमध्ये बसून लेकीला सांगत होते, तुझ्या बापाचं माझ्याकडे लक्षच नाही. आणि मग ते म्हणे ‘ती येईपर्यंत’... येणार नाही हे माहीत असून—

फाटक.

आले. ताई, आता काही बोलू नका तुम्ही.

...हं, आणलात का केक? ठेवा तिथं ओट्यावर. ...काही नाही हो, काही झालेलं नाही. डोळ्यात काहीतरी गेलंय. ...हो, आवडला त्यांना वाफा, फार आवडला. ...कुठली, ही गुलाबी? होईल की निळी, काहींना उशीर—

नाही. नाही होणार ती निळी, मास्टर. ती गुलाबीच आहे, पार्लरवालीची आहे. मला माहीत आहे. आल्या दिवसापासून माहीत आहे. ...अहो, उठून कुठं निघालात? आत जायचं नाही. त्या खुर्चीत तर अजिबात नाही. इथं बसा, पायरीवर, माझ्याशेजारी. ओली असू दे. आता बटणाचं सांगा मला.

ताई, निघा तुम्ही. नंबर ज्याला द्यायचा त्याला द्या, केक सगळाच घेऊन जा, आणि जाताना फाटक ओढून घ्या.

...हं, बोला. मी ऐकतेय.